सायकेडेलिक, सकाळी अकरा

कॅलिफोर्नियात शनिवारी रात्रीचे साडेदहा वाजतात, तेव्हा मालवणात रविवारचे सकाळचे अकरा झालेले असतात. त्यामुळे तिथल्या कोचेला या संगीत महोत्सवाची मुख्य रात्र आमच्या घरी पोचते ती बाजारातून बांगडे आल्यावर आणि भात उतरायच्या आधी. वाळवंटातल्या पोलोच्या मैदानावर अंधार, धूर आणि लेझर. आमच्याकडे एप्रिलचं ऊन, ओटीवर आंब्याची अढी, आणि काकी म्हणणार, पडदा सार, मला आंबे दिसत नाहीत. पडदा सारला की टीव्हीवरचे सगळे जांभळे-हिरवे रंग पांढरेफटक पडतात आणि काचेत आमची खिडकी, माडासकट, दिसायला लागते.

२०११पासून हा महोत्सव यूट्यूबवर थेट दाखवतात. पुतण्याने तो मोबाइलवरून टीव्हीला जोडून द्यायला सुरुवात केली आणि घरातल्या रविवारची घडी थोडी विस्कटली. पूर्वी या वेळेला टीव्हीवर डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, लागलेली असायची. तीही आता यूट्यूबवर थेट असते म्हणा.

२०१९ साली त्या शनिवारची मुख्य बारी होती टेम इम्पाला या ऑस्ट्रेलियन बँडची. बँड म्हणायचं एवढंच. अल्बममध्ये जवळजवळ सगळी वाद्यं पर्थचा केविन पार्कर एकटाच वाजवतो, मंचावर मात्र साथीला माणसं घेतो. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सगळां एकटोच वाजयता, तर मंडळ कित्याक?" काका आयुष्यभर भजनात पखवाज वाजवत आलेत. गायक गेला तरी चालेल, पण ठेका जाता कामा नये, हा त्यांचा धर्म. इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय वाजवणाऱ्या, बँडांवर त्यांची खास मर्जी नाही. पोरं चांगली गातात, पण गाणं रंगायच्या आधीच संपवतात, असं त्यांचं मत. माझंही साधारण तेच.

टेम इम्पालाचं सायकेडेलिक, म्हणजे घुमणाऱ्या, भान हरपवणाऱ्या आवाजांचं रॉक, मात्र त्यांनी बसून ऐकलं. आधी दोनेक मिनिटं नुसताच घुमारा. विहिरीत तोंड घालून हाक मारावी तसा गिटारचा आवाज फिरून फिरून परत येत होता. काकी अढीपाशी बसल्या बसल्याच म्हणाली, "गाणां कधी सुरू होतलां?" तिला हसायचं कारण नाही. १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठीच्या मैफलीत रविशंकर आणि मंडळी वाद्यं जुळवत होती, तेव्हा लोकांनी ते वादनच समजून टाळ्या वाजवल्या होत्या. जुळवणीच एवढी आवडली तर वादनही आवडेल, असं रविशंकरांनी हसत सुनावलं. काकी निदान टाळ्या तरी वाजवत नव्हती.

मग कॅमेरा खाली गेला. गिटारवाल्याच्या पायाशी लहान लहान डब्यांची रांग, प्रत्येकावर एक दिवा, आणि बुटाच्या टोकाने तो एकेक दाबत होता. एक दाबला की आवाज फाटतो, दुसऱ्याने लांबतो, तिसऱ्याने गुळणी केल्यासारखा होतो. काका पुढे सरकले. "पायान वाजयता मरे हो!" दशावतारात पायपेटीवाला पायाने भाता मारतो आणि दोन्ही हात सुरांवर मोकळे ठेवतो, त्यामुळे त्यांना यात नवल वाटलं नाही, ओळख पटली. ते आता त्या पायांकडेच बघणार होते. पण कॅमेऱ्याला तेवढा दम कुठला! तो लगेच गर्दीत गेला, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेल्या मुलीवर, तिथून आकाशात ड्रोनवर.

माझी तक्रार आहे ती इथे. साठीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि लंडनमध्ये हे संगीत वाढलं ते लांबण्यासाठीच. एक ठेका धरायचा, एक ओळ पकडायची आणि ऐकणाऱ्याचं भान सैल होईपर्यंत सोडायची नाही. यात नशापाण्याचाही मोठा वाटा होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण टीव्हीचा दिग्दर्शक दर तीन सेकंदांनी दृश्य बदलतो. प्रेक्षक कंटाळेल अशी त्याला धास्ती. अरे, कंटाळू दे की! आमच्याकडे जत्रेत दशावतार मध्यरात्री उभा राहतो तो पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालतो. नट संवाद जागच्या जागी रचतात, राजा बाकड्यावर बसून वाटेल तितका वेळ बोलतो. माणसं चटईवर आडवी होतात, डुलकी काढतात आणि युद्धाचा ताल ऐकू आला की उठून बसतात. काही बुडालं असं कुणी म्हणत नाही. भजनाच्या गजरातही बुवा एकच ओळ किती वेळ घोळवतो!

तेव्हा डोळे लावून बघण्यापेक्षा घरात वावरत ऐकण्याची ही चीज आहे, असं माझं ठाम मत होत चाललं आहे. मी उठून नारळ फोडला, खोवला, परत आलो, तर ड्रमवाला जिथे होता तिथेच. काका मांडीवर बोटांनी त्याच्याबरोबर चालले होते. "एकच ठेको धरून बसलो हा," ते म्हणाले, "पण हललो नाय." यापेक्षा मोठी दाद मी त्यांच्या तोंडून फार कमी वेळा ऐकली आहे. तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा मंचावर कागदाचे कपटे उडत होते आणि मंडळी हात हलवत आत जात होती.

पुतण्याने काकांची समजूत घातली, की काही बिघडत नाही, हा महोत्सव लागोपाठ दोन आठवडे असतो. पुढच्या शनिवार-रविवारी पुन्हा बहुतेक हेच कलाकार, याच मैदानावर.

काका विचारात पडले. "म्हणजे बुवा तोच, बारी पण तीच? मगे जिंकलो कोण, तां कळतलां कसां?"