तुम्ही विचारलंत म्हणून: नळाला पाणी येतं कुठून?

आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनच्या बाहेर राहतो, अडीच एकर जागा, नवीन घर, डबल ग्लेझिंग, हीट पंप, मागे चार मेंढ्या. फोटो बघून सगळे खूश होतात आणि मग मी बोलता बोलता म्हणते की इथे कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पाणी नाहीये, की लगेच ठरलेला प्रश्न, अगं मग पाणी येतं कुठून, बोअर मारलाय का?

नाही हो, छपरावरून येतं. एक चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, घर आणि गॅरेज धरून आमचं छप्पर 250 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे 10 मिलिमीटरची सर आली की कागदावर तरी अडीच हजार लिटर. पन्हाळीतून थेट टाकीत, 25,000 लिटरच्या दोन आहेत. तिथून पंप, मग फिल्टर, मग जंतू मारायला यूव्ही लाइट, मग नळ. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथे तो बारा महिने थोडा थोडा पडतो म्हणून हे जमतं.

फक्त जानेवारी ते मार्च जरा जपून. इथला उन्हाळा तो, आणि एकदा ओढ दिली की दिली. मग रोज संध्याकाळी टाकीवर वरून खाली हात फिरवायचा, दिवसभर तापलेलं प्लास्टिक जिथे एकदम गार लागतं तिथपर्यंत पाणी. मीटर मिळतो बाजारात, पण माझं माहेर लातूरचं, 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं ते लातूर, हात लावल्याशिवाय माझा जीव राहत नाही! अगदीच खाली गेलं तर टँकर मागवायचा, पण तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनाच हवा असतो त्यामुळे थांबावं लागतं.

आणि वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळही बंद आणि फ्लशही, हे पाहुण्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून वादळाचा इशारा आला की आधी बादल्या भरून ठेवते (नवरा हसतो, हसू दे). ड्रेनेज पण आपलंच, सेप्टिक टँक, त्यामुळे तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलेलं दिसलं तर मी पाहुणा बिहुणा बघत नाही.

रेट्स, म्हणजे आपली घरपट्टी, मात्र कौन्सिलला भरावेच लागतात, त्यात पाणी नाही एवढंच.

तर यायचं असेल तर फेब्रुवारीत येऊ नका, ऑगस्टमध्ये या, थंडी आहे पण हवी तेवढी आंघोळ करा, कोणी दार वाजवणार नाही.