ड्युटी लावणं

मे महिन्यात परिचारिका दिन आला की आमच्याकडे केक कापतात, गुलाब आणि पेन वाटतात आणि कॉन्फरन्स हॉलमध्ये ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवतात. व्याख्यानाला बसतं कोण, तर नाइट संपवून थांबलेल्या मुली, कारण मॉर्निंगवाल्यांना वॉर्ड सोडता येत नाही. 'डोळे मिटून श्वास घ्या' म्हटलं की मागची रांग झोपते. मी उठवत नाही.

नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी आयसीयूची इन्चार्ज आहे. ड्युटी लावणं माझ्याकडे. सिस्टर कशाने खचते ते मला त्या कागदावर दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे या खचण्याला, आजार म्हटलं नाही, कामाच्या जागच्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे दुरुस्ती तिच्या स्वभावात नाही, आमच्याकडे करायची आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे इव्हिनिंगला लागून मॉर्निंग. कागदावर ती आठला सुटते. पण ओव्हर देतानाच, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवतानाच, कुणाचं तरी बीपी पडतं, औषधांचा हिशेब जुळत नाही, पावणेनऊ होतात. तुर्भ्याहून ठाणे, ठाण्याहून बदलापूर, तेही उभ्यानं. जेवून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा, आणि साडेचारला डब्यासाठी उठायचं. मी ही जोडी लावणं बंद केलं. त्यासाठी एक रिलीव्हर, म्हणजे बदली सिस्टर, जास्त लागते, आणि तिथेच ऑफिसात वाद होतो.

वाद घालताना मी अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास पुढे करते. पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांत, ऑपरेशन झालेल्या पेशंटांवर केलेला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, आणि तीस दिवसांत पेशंट दगावण्याची ७ टक्क्यांनी. तेवीसवर कुणी मान वर करत नाही. सातवर करतात.

दुसरी गोष्ट बिनपैशाची. पेशंट जातो. लाइन्स, म्हणजे अंगातल्या नळ्या, काढायच्या, अंग पुसायचं, टॅग बांधायचा, नातेवाइकांसमोर उभं राहायचं, हे सगळं तीच सिस्टर करते जिनं त्याला आठवडाभर सांभाळलं. मावशी बेड पुसत असतात तोवर कॅज्युअल्टीतून फोन, 'सिस्टर, बेड रेडी का?' आता नवीन पेशंट दुसरी सिस्टर घेते. पहिली पँट्रीत जाते. रडते, नाहीतर चहा पीत मोबाइल बघते. कुणी विचारायला जायचं नाही, एवढा एकच नियम. (नव्या डॉक्टरांना तो दोनदा सांगावा लागतो.)

सणांचं आमचं आपापसात ठरलेलं आहे. गणपतीत कणकवली-सावंतवाडीच्या मुली गावी जातात, तेव्हाच्या नाइट्स केरळच्या मुली ओढतात. ख्रिसमसला उलट. शिवाय परत येताना मालवणी खाजं आणायचं, ही केरळवाल्यांची अट. मधल्यामध्ये अडकतात त्या लग्न न झालेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. 'तुला काय, घरी कोण वाट बघतंय' म्हणून सगळ्यांच्या नाइट्स त्यांच्या गळ्यात. नांदेडची एक परवा कागद बघून म्हणाली, "मॅडम, माझा कुठला सण धरलाय?"

तिला पोळ्याला घरी जायचंय. पोळा आणि पुढचा दिवस, दोन्ही ऑफ लावलेत.