चार शिलिंगांचा रकाना

इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या दप्तरखान्यात मी जुन्या कागदपत्रांची सूची करते. गेल्या मंगळवारी एका वेड्यांच्या इस्पितळाच्या पहिल्या महायुद्धातल्या खतावण्या माझ्या टेबलावर आल्या. तेव्हापासून त्यातला एक रकाना डोक्यातून जात नाही.

लोकांना वाटतं, आम्ही हातमोजे घालून काम करतो. हातमोज्यांत पानाचा अंदाज येत नाही आणि ते फाटतं. धुतलेले कोरडे हात आणि पेन्सिल, बस्स. या वह्यांचं चामडं लाल भुकटी होऊन गळत होतं, म्हणून पुठ्ठ्यांखाली फोमच्या पाचरी लावून, बांधणीवर ताण न देता एकेक पान उलटत गेले. तेव्हा १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पाउंड. या बेरजा मला आता तोंडी येतात.

आमच्याकडे हिशेबाच्या वहीला सूचीत एक ओळ मिळते. रुग्णांच्या केस-बुकांना मात्र परिच्छेदच्या परिच्छेद, कारण वाचक तीच मागतात. माझा सहकारी तर हिशेबाची वही न उघडताच ओळ लिहून मोकळा होतो. हे चूक आहे, आणि मी त्याला तसं सांगितलंही आहे.

गरीब रुग्णाचा आठवड्याचा खर्च त्याच्या भागातल्या पुअर लॉ युनियनवर, म्हणजे गरिबांना मदत देणाऱ्या स्थानिक संस्थेवर पडे, पर्यायाने तिथल्या करदात्यांवर. त्याला हातभार म्हणून दर रुग्णामागे आठवड्याला ४ शिलिंग सरकारी अनुदान. हा आकडा १८७४ सालचा. १९१४ च्या पानावर ४. १९१६ ला ४. १९१८ लाही ४. शेजारी पीठ, कोळसा, साबण सगळं चढत गेलेलं. युद्ध संपेपर्यंत देशात अन्नधान्य दुपटीहून महाग झालं होतं. इस्पितळाच्या समितीला युनियनकडून घ्यायचा रुग्णामागचा आठवड्याचा दर १४ शिलिंगांच्या वर न्यायचा तर काउंटीची मंजुरी लागे, आणि इतिवृत्तात प्रत्येक वाढीआधी करदात्यांची काळजी पानभर लिहिलेली आहे.

नुसती खतावणी पाहिली तर वाटेल, रुग्णांवर जास्त पैसा खर्च होत होता. मी आहाराची वही शेजारी ठेवली. खर्चाचा आकडा वाढतोय आणि पाव कमी होतोय, मांस कमी होतंय. त्यात १९१५ पासून काही असायलम, म्हणजे अशीच वेड्यांची इस्पितळं, जखमी सैनिकांसाठी रिकामी केलेली, तिथले रुग्ण उरलेल्या इमारतींत कोंबलेले, सेवक आघाडीवर गेलेले. १९१८ साली इंग्लंड-वेल्सच्या असायलममध्ये जवळजवळ पाचातला एक रुग्ण दगावला. क्षयाने कितीतरी गेले.

अशाच रिकाम्या केलेल्या एका ठिकाणाहून इथे आणलेली एक बाई मला सापडली. वजनाच्या नोंदवहीत ती महिन्यामागून महिना उतरत जाते. मग खतावणीत तिची शेवटची तिमाही: ५ आठवडे २ दिवस. कारकुनाने मृत्यूच्या दिवसापर्यंतचं अनुदान काढलंय, १ पाउंड १ शिलिंग पावणेदोन पेन्स. मी पडताळून पाहिलं. हिशेब बिनचूक आहे.

पुढच्याच पानावर ‘सर्व्हिस पेशंट’. युद्धात मन बिघडलेल्या सैनिकांवर कंगालाचा शिक्का बसू नये म्हणून त्यांचा खर्च सरकारने उचलला आणि वर किरकोळ सुखसोयींसाठी आठवड्याला अडीच शिलिंग दिले. दिले ते योग्यच केलं. पण म्हणजे पैसे काढता येत होते. त्याच छपराखाली, त्याच वर्षी. त्या बाईच्या रकान्यात अर्धी पेनीसुद्धा वाढली नाही, हे मला अजून पचत नाही.

या वहीच्या नोंदीत मी अकरा ओळी लिहिल्या आणि आहाराच्या व वजनाच्या वह्यांचे क्रमांक तिथेच जोडले. वरिष्ठांचा निरोप आला आहे: नियमाप्रमाणे एक ओळ करा. मी अजून केलेली नाही.