विभक्त आईवडील आणि दिव्यांग मुलाच्या हक्काचा पैसा

घटस्फोटाच्या तडजोडपत्रात घर, दागिने, पोटगी आणि मुलाचा ताबा यांविषयी बारकाईने लिहिलेले असते. परंतु मूल दिव्यांग असेल, तर त्याच्यामुळे मिळणारी अनुदाने, भत्ते आणि करसवलती यांचे काय करायचे, याबद्दल बहुधा एक ओळही नसते. माझ्या मुलाला जन्मतः सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) आहे, त्याचे दिव्यांगत्व ६० टक्के आहे आणि त्याचे बाबा व मी सोलापुरातच वेगवेगळ्या घरांत राहतो. या विषयावर आम्हा दोघांत बरेच वाद झाले आणि त्यानंतर एक व्यवस्था ठरली. फिजिओथेरपीसाठी मुलांना घेऊन येणाऱ्या आया मला याबद्दल नेहमी विचारतात, म्हणून ती इथे सविस्तर मांडते आहे.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो निम्म्या-निम्म्या वाटणीचा. तो न्याय्य वाटतो, पण आपल्याकडच्या सवलतींना लागू पडत नाही, कारण त्या एका प्रकारच्या नाहीत. काही थेट खात्यात जमा होतात, काही नोकरी करणाऱ्या पालकाच्या पगारातून येतात, तर काही मुलासोबत त्या वेळी जो असेल त्यालाच वापरता येतात.

खात्यात जमा होणारे अनुदान म्हणजे मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, अशी दिव्यांगांसाठी तिची अट आहे. दिव्यांग लाभार्थ्यांची दरमहा रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आली. आम्ही दोघेही पगारदार असल्यामुळे आम्हाला ती लागू नाही. परंतु सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळून घर चालवणाऱ्या आईच्या दृष्टीने २,५०० रुपये म्हणजे महिन्याभराचा रिक्षाखर्च आणि औषधे असतात. ही रक्कम आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात येते, त्यामुळे ते खाते मूल ज्याच्याजवळ रोज राहते त्याच्या हाती असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या, तसेच घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या स्त्रिया याच योजनेत स्वतः पात्र ठरू शकतात. अशा आईने मुलाच्या कागदांबरोबर स्वतःच्या अर्जाचीही तहसील कार्यालयात चौकशी करावी.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. “सरकार पैसे देते, मग पोटगी कमी करा,” असे म्हणणारे वडील मी पाहिले आहेत आणि ते ऐकून गप्प बसणाऱ्या आयाही पाहिल्या आहेत. अनुदान हे अपंगत्वामुळे वाढलेल्या खर्चासाठी असते; जेवण, कपडे आणि शाळा यांची जबाबदारी त्यामुळे कोणाच्याही डोक्यावरून उतरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरवले, आणि सतत देखभाल व वारंवार खर्च लागणाऱ्या मुलाचे गंभीर दिव्यांगत्व हा पोटगी ठरवताना विचारात घ्यायचा मुद्दा असल्याचेही नमूद केले. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकासमोर बसताना खर्चाच्या पावत्या सोबत असाव्यात, त्या याच कारणासाठी.

दुसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. मुलाचे बाबा रेल्वेत आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मुलांच्या शिक्षणासाठी मिळणारा भत्ता दिव्यांग अपत्यासाठी दुप्पट असतो, आणि ठरावीक अटी पूर्ण झाल्यास अशा अपत्याला पालकाच्या पश्चात आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. हे माझ्या नोकरीतून मिळणारे नाही, आणि वाटून घेण्यासारखेही नाही. आयकर कायद्यातील तरतुदीनुसार (१९६१ च्या कायद्यात हे कलम ८०डीडी होते), जुनी करप्रणाली निवडलेल्या पालकाला आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्यासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर ती १,२५,००० रुपये असते. वजावटीचा आकडा ठरलेला असतो, प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर तो अवलंबून नसतो. उपचारांचा मोठा भार बाबा उचलतात, म्हणून वजावट तेच घेतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यात ७५,००० वर उपकरासह १५,६०० रुपये कर वाचतो. हा वाचलेला कर आणि शिक्षणभत्ता मुलाच्याच खर्चाला लावायचा, असे आम्ही तडजोडपत्रात लिहून घेतले. माझ्या मते आमच्या संपूर्ण करारातली हीच अट सर्वांत उपयोगी ठरली.

तिचा उपयोग स्प्लिंटच्या वेळी कळतो. पायाच्या मापाचे प्लास्टिकचे स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारा साचा, मूल वाढते तसे आखूड पडते. टाचेजवळ लाल वळ उठू लागला की नवे माप द्यावे लागते, आणि त्याआधीच वेल्क्रोचे पट्टे झिजून चालताना सुटू लागलेले असतात. पूर्वी असे झाले की पैसे कोणी द्यायचे यावर फोनवर बोलाचाली होई आणि मूल तेवढे दिवस जुन्याच स्प्लिंटमध्ये पाय कोंबून चाले. आता एक दोनशे पानी वही मुलाच्या दप्तरातून दोन्ही घरांत फिरते. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर तो कशातून भागवला याची नोंद, आणि पावती तिथेच टाचलेली. शनिवार-रविवारी तो बाबांकडे असतो तेव्हा सासूबाई त्याच्याकडून पायाचे व्यायाम करून घेतात आणि तेही वहीत लिहितात. त्यांच्या अक्षरातल्या त्या नोंदींमुळे मला मोठा आधार वाटतो.

तिसऱ्या प्रकाराला वाद लागत नाही, फक्त कागद लागतात. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांग प्रवाशाबरोबर रेल्वे एका सोबत्यालाही भाड्यात सवलत देते. तो सोबती आई असो की बाबा. मूळ दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) माझ्याकडे असते, साक्षांकित प्रती बाबांकडे. कार्ड अडवून ठेवणे हे भांडणातले हत्यार होऊ शकते, म्हणून कार्ड कोणाकडे राहील आणि मागितल्यावर किती दिवसांत द्यायचे, हेही लिहून ठेवावे.

माझी मावसबहीण कॅनडात आहे. तिथे मूल दोन्ही पालकांकडे साधारण ४० ते ६० टक्के वेळ राहत असेल, तर बालभत्ता आणि त्यातली दिव्यांग मुलांसाठीची जादा रक्कम प्रत्येकाला त्याच्या उत्पन्नानुसार हिशेब करून निम्मी दिली जाते. ब्रिटनमध्ये दिव्यांग मुलाचा निर्वाहभत्ता मात्र एकाच पालकाच्या हाती जातो. कॅनडाची पद्धत मला आकर्षक वाटली होती, परंतु सध्या आमचा मुलगा आठवड्यातले पाच दिवस माझ्याकडे असतो. तिथले नियम लावले तरी निम्मी वाटणी आमच्या वाट्याला येणार नाही.

पुढची तयारी अठराव्या वर्षाची आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक समिती कायदेशीर पालक (गार्डियन) नेमू शकते. आईवडील एकत्र अर्ज करू शकतात, आणि घटस्फोट झाला असल्यास एकट्यालाही करता येतो. मुलाला स्वतःचे निर्णय कितपत घेता येतील, यावर तो अर्ज करायचा की नाही हे ठरेल. करावा लागलाच, तर त्यावर दोघांच्याही सह्या असाव्यात, असे मी बाबांना कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.