केळीला धूर, मला पंप

जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या यावलला जाणार म्हणल्यावर घरच्यांनी स्वेटर भरला, मी पंप भरला. दमेकरी माणसाचं पॅकिंग असंच असतं. मैत्रिणीचं माहेर तिकडचं, कॉलेजपासून "एकदा भरीत खायला चल" चालू होतं, ते यंदा जमलं एकदाचं. भुसावळला उतरून एसटीने तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी केळीच केळी, आणि समोर सातपुडा दिसतो म्हणे. मला नुसता राखाडी पडदा दिसला. शेजारच्या आजी म्हणाल्या धुकं आहे. असेल, पण धुक्याला जळक्याचा वास कशाला येईल.

मोबाईलमध्ये हवेच्या प्रदूषणाच्या ॲपवर यावल टाकलं तर ते जळगावचा आकडा दाखवत बसलं. जळगाव निदान २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत तरी आहे, तिथली हवा कोणीतरी मोजतं. इथली आपण आपल्या नाकाने मोजायची.

घर मोठं, माणसं त्याहून मोठ्या मनाची, पण झोपायची सोय जिथे केली त्याच्या शेजारच्या खोलीत छतापर्यंत कापूस. भाव वाढेल म्हणून ठेवलेला. रात्रभर अंगाला खाज, नाकात तंतू, आणि काकू बिचाऱ्या दर तासाला "अजून एक गोधडी देऊ का" विचारायला येतायत. इतका पाहुणचार की झोप लागायची पंचाईत. पहाटे कधीतरी डोळा लागला आणि धुराने परत उघडला. आग लागली की काय म्हणून धडपडत बाहेर आले तर नाना, म्हणजे मैत्रिणीचे वडील, कानटोपी घालून मळ्यात निघालेले. मीही निघाले त्यांच्यामागे, एवीतेवी झोप गेलीच होती.

बागेच्या कडेकडेने ढीग रचलेले होते, केळीची वाळकी पानं, गवत, वरून थोडा ओला कचरा. नाना आणि त्यांचा सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) एकेक पेटवत चालले होते, आणि जाळ झाला की नाना लगेच त्यावर ओलं टाकायचे. मी खोकत विचारलं, नाना हा कचरा पहाटेच का जाळताय? तर म्हणाले, "कचरा कुठे जाळू राहिलो पोरी, धूर करू राहिलो. पारा १० च्या खाली गेला का केळी जागीच थांबते. पान निघत नाही, घड अडकतो, निघाला तरी बारीक. वर्षाचं पीक आहे भो, एका आठवड्याच्या थंडीत जातं."

मला हे खरंच माहीत नव्हतं. थंडीच्या लाटेत कृषीवालेसुद्धा हेच सांगतात, रात्रीचं पाणी द्या (विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं) आणि पहाटे बागेत धूर करा. स्वच्छ आभाळाच्या रात्री जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते, गार हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. धूर त्या झाकणाखाली पसरतो, वर जातच नाही. बागेला तो तसाच हवा असतो, माझ्या फुफ्फुसांची मात्र त्याच झाकणाने वाट लागते. भारतात पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, त्या बांधावर किती असेल याचा विचार न करता मी पंपाचे दोन दाब घेतले आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथून दिसत होतं ते सुंदर होतं हेही सांगते, शिव्या घालता घालता.

एवढ्यात सालदाराने एका ढिगात घडांवरच्या जुन्या स्कर्टिंग बॅगा टाकल्या. निळा प्लास्टिकचा धूर, डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग. नानांनी त्याला असा झापला की मला काही बोलावंच लागलं नाही. पण शेजारच्या दोन मळ्यांतून अगदी तोच वास येत होता आणि तिकडे झापणारं कोणी नव्हतं. पानांचा धूर मी सहन करीन, नाइलाज आहे, पण प्लास्टिक जाळून केळीला कसली ऊब मिळते हे मला कोणी समजावून सांगावं.

पुढचे दिवस मनुदेवीचं देऊळ, फैजपूर, नातेवाईक, चहा आणि परत चहा. सकाळी दहानंतर ऊन चढलं की हवा एकदम मोकळी, सातपुडा असा समोर की हात लावावा. आणि दिवस कलला की परत सुरू, या वेळी पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने राज्यात कापसाची वाट लावली, तेव्हापासून फरदड (हंगाम संपल्यावरही कापूस ठेवून घेतलेलं जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, अळी त्यातच राहते, असं दरवर्षी सांगतात. ते सगळ्यांनी ऐकलं. श्रेडरने बारीक करून मातीत घाला हे पुढचं वाक्य पण ऐकलंय, पण श्रेडरवाला सांगेल त्या दिवशी येत नाही, मजूर मिळत नाही, रान तर लगेच मोकळं हवं. काडेपेटी कधीही येते. मैत्रिणीच्या भावाशी मी यावर वाद घातला, तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या शहरातल्या गाड्या बंद करा, मी पऱ्हाटी बंद करतो." राग आला मला, कारण लगेच उत्तर सुचलं नाही.

आणि भरीत? भरीत त्याच पऱ्हाट्यांवर. पांढरट हिरवी, हातभर मोठी वांगी (जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय), मळ्यात काड्यांचा जाळ करून त्यात काळी होईपर्यंत भाजायची, सोलून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल मोजायचं नाही. सोबत पुऱ्या आणि कळण्याची भाकरी, केळीच्या पानावर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही, मी घरी बघितलंय करून. त्या रात्री मी तीनदा वाढून घेतलं, मध्ये एकदा पंप घेतला, नानांनी बघितलं आणि काही न बोलता माझा पाट जाळापासून लांब सरकवला.

दमा असेल तर खान्देशात थंडीत जाताना मुक्काम गावात घ्या, मळ्यात नको, फिरणं दहा ते पाच, कापसाच्या खोलीशेजारी झोपायला नम्रपणे नाही म्हणा. भरिताचं आवतण मात्र अंधार पडल्यावरचंच येतं, त्याला इलाज नाही.