गॅस शोधायला गेलो, क्लॅम्पही सापडला

चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याचं 110 केव्हीचं यार्ड, म्हणजे वीज ग्रीडला जोडणारं आवार. जानेवारी महिना, गाळप जोरात, कोजनची (उसाच्या चिपाडावर केलेली) वीस मेगावॅट वीज ग्रीडला चाललेली. अशात लाइन ब्रेकरचा (फॉल्टच्या वेळी लाइन तोडणारा स्विच, आत एसएफ6 हा इन्सुलेटिंग वायू भरलेला) ‘गॅस लो’ अलार्म आठ-दहा दिवसांआड वाजायला लागला. टॉप-अप केला की तेवढ्यापुरता गप्प. ब्रेकरच्या प्लेटवर भरणा 6.0 बार, अलार्म 5.5, लॉकआउट 5.2. लॉकआउट झाला की फॉल्ट आला तरी ब्रेकर उघडत नाही, म्हणून सीझन संपेपर्यंत दम धरायची सोय नव्हती. थंडीनं प्रेशर उतरलं असेल म्हणावं, तर डेन्सिटी मॉनिटर (गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर) तापमानाची भरपाई करूनच काटा दाखवतो. गळतीच होती. तिन्ही पोल (दर फेजचा एक खांब) तांब्याच्या नळीनं जोडलेले आणि मॉनिटर एकच, त्यामुळे कुठला पोल गळतोय हे काट्यावरून कळत नव्हतं. म्हणून गॅस दाखवणारा कूल्ड कॅमेरा भाड्यानं आणला.

शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, “आमच्याकडं हाय की ओ सर कॅमेरा. हे भाड्याचं कशाला आणलासा?”

कॅमेरा त्यांच्याकडे होता, चांगलाही होता, पण अनकूल्ड, म्हणजे डिटेक्टर थंड न करणारा. त्यातला मायक्रोबोलोमीटर (उष्णता टिपणारा डिटेक्टर) 7.5 ते 14 मायक्रॉनमधली सगळी उष्णता एकदम घेतो. एसएफ6 वायू शोषतो तो 10.6 मायक्रॉनच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात. एवढ्या रुंद खिडकीत तो बारीकसा फरक बुडून जातो. मग पुढे 0.4 मायक्रॉन रुंदीच्या पट्ट्याचा फिल्टर लावला तर? येणारा प्रकाश दहाव्या हिश्शाच्याही खाली जातो, आणि 25-30 अंशांवरचा तो फिल्टर आणि लेन्स स्वतःच डिटेक्टरवर उष्णता ओततात. कूल्ड कॅमेऱ्यात फिल्टर डिटेक्टरसोबत ड्यूअरमध्येच (थर्मॉससारख्या निर्वात भांड्यात) असतो, सुमारे 70 केल्विनवर, म्हणजे उणे 200 अंशांच्या आसपास. त्याची स्वतःची झळ जवळपास शून्य, आणि इंटिग्रेशन टाइम (एका फ्रेमला दिलेला वेळ) वाढवून प्रकाश गोळा करता येतो. अनकूल्ड गॅस कॅमेरेही आता मिळतात, पण त्यांची खिडकी रुंद ठेवावी लागते. मोठी गळती दाखवतील. आठ-दहा दिवसांत अर्धा बार उतरवणाऱ्या गळतीसाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

कूल्ड कॅमेरा चालू केल्या केल्या चित्र येत नाही. डिटेक्टर थंड करणारा स्टर्लिंग कूलर गुरगुरत सहा-सात मिनिटं घेतो. तेवढ्यात त्यांच्याच कॅमेऱ्यानं यार्ड फिरून घेतलं. सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) बी फेजच्या क्लॅम्पवर, म्हणजे तार जोडणाऱ्या पकडीवर, 78 अंश. आर आणि वाय फेजवर 41, 42. लोड जेमतेम 110 अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर चौपट. शिवाय ॲल्युमिनियम चकचकीत असलं की त्यात थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि आकडा कमीच येतो. म्हणून काळवंडलेल्या बोल्टवर नेम धरायचा आणि तिन्ही फेज एकाच कोनातून पाहायचे. या कामाला कूल्ड कॅमेऱ्याची काही गरज नाही. कूलरचं आयुष्य दहा हजार तासांच्या आसपास, पुढे त्याचं ओव्हरहॉल महागात पडतं. क्लॅम्प बघण्यात ते तास घालवणं म्हणजे उधळपट्टी.

गॅससाठी मात्र ट्रायपॉड लागतोच. हाय सेन्सिटिव्हिटी मोड आधीच्या फ्रेम वजा करतो, हात हलला की सगळी कडाच धूर सोडायला लागते. बगॅसचा भुसाही उडत होता, तो चित्रात गॅससारखाच वळवळतो. कन्व्हेयरकडची बाजू सोडून उभं राहिलो. गॅस आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक हवा. निरभ्र आकाश सगळ्यात थंड, म्हणून पोर्सेलिनच्या मागे आकाश येईल असा कोन धरला. हे सगळं दहाच्या आत. नंतर वारा सुटला की बारीक झोत विरून जातो.

आर पोल स्वच्छ, वाय पोल स्वच्छ. बी पोलच्या सपोर्ट इन्सुलेटरच्या वरच्या फ्लँजवर (जोडाच्या कड्यावर) एक धुरासारखा पदर दिसला, पोर्सेलिनच्या कडांवरून खाली ओघळत जाणारा. खाली जातोय हीच खूण: एसएफ6 हवेच्या पाचपट जड, तर कूलिंग टॉवरची वाफ वर चढते. (याच कारणानं केबल ट्रेंचमध्ये उतरण्याआधी ऑक्सिजन मोजावा.) ती फ्लँज लाइन व्होल्टेजवर असते. साबणाचं पाणी किंवा स्निफर (गॅस हुंगणारं मीटर) तिथं शटडाऊनशिवाय लावताच येत नाही. कॅमेऱ्यानं सात मीटरवरून, चालू लाइनवर काम झालं.

इन्चार्जांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. “हे रोज असंच जातंय व्हय?”

टर्बाइन हाऊस लोडवर (फक्त कारखान्यापुरत्या विजेवर) ठेवून एक दिवसाचं शटडाऊन ठरलं. गॅस हवेत न सोडता गॅस कार्टनं (गॅस साठवणाऱ्या यंत्रानं) ओढून घेतला. शंभर वर्षांच्या हिशेबात एसएफ6 कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त तापवतो. फ्लँज उघडल्यावर ओ-रिंग (रबरी सील) चपटी, कडक झालेली, आणि खाचेच्या बाहेरच्या अंगाला पांढरी गंजपूड. बाहेरून पाणी शिरून ॲल्युमिनियम फुललं होतं आणि रिंग उचलली गेली होती. खाच साफ, रिंग नवी, ग्रीसचा पातळ हात, बोल्ट समोरासमोरचे धरत टॉर्क रेंचनं. मग व्हॅक्यूम 1 मिलीबारच्या खाली, पंप बंद करून प्रेशर चढत नाही ना हे पाहिलं, गॅस भरून ड्यू पॉइंट (गॅसमधला ओलावा) तपासला. सीटीचा क्लॅम्प त्याच शटडाऊनमध्ये उघडला, घासला, कंडक्टिव्ह ग्रीस लावून आवळला आणि मायक्रोओहम मीटरवर सांध्याचा रोध मोजून बाकी दोन फेजशी जुळवून घेतला.