बेटावर जाताय? आधी फ्लाइटची वेळ बघा

मालदीवला जायचं ठरलं की सगळे आधी रिसॉर्टचे फोटो बघत बसतात, मी पण तेच केलं आणि संध्याकाळी उतरणारी फ्लाइट घेतली. तिथली सीप्लेन्स (एअरपोर्टवरून बेटांवर नेणारी, पाण्यावर उतरणारी छोटी विमानं) उजेड असेपर्यंतच उडतात हे नंतर कळलं, मग काय, पहिली रात्र एअरपोर्टजवळच्या हॉटेलात! पण बेटावर पोचलो आणि सगळा वैताग गेला, गाड्या नाहीत, हॉर्न नाही, नुसती समुद्राची गाज. आणि ती पांढरीशुभ्र वाळू, ती बरीचशी पॅरटफिश नावाच्या माशाची शी असते बरं का, तो प्रवाळ कुरतडतो आणि मागून वाळू सोडतो (हे ऐकून बायकोने लगेच चपला घातल्या). स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभं राहू नका, सनस्क्रीनचं लेबलही वाचा, पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने तर २०२० पासून ऑक्सिबेन्झोनवाली (प्रवाळाला घातक मानलं जाणारं रसायन असलेली) सनस्क्रीन्स बंदच केलीयेत.